आण्णांचा वस्तरा, शैलाताईची बाटली

मला दाढी येते. हे वाक्य कागदावर उतरवायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि उतरवून बघते तर काय, भिंतीवरची पालसुद्धा जागची हलली नाही. कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, खाली भंगारवाला ओरडतोय. एवढं सोपं होतं तर आधी का नाही लिहिलं, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्याचं काय जातंय! आता लिहितेय तेही वरच्या मजल्यावरच्या पूजामुळं. ही कॉलेजात जाणारी पोर परवा धावत खाली आली, "मावशी, तोंडाची आग आग होतेय हो," म्हणाली, आणि बघते तर गालापासून हनुवटीपर्यंत लालेलाल. हल्लीच्या पोरी मोबाइलवर बघून छोट्याशा गुलाबी पात्यानं चेहऱ्यावरची लव काढतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तशी हिनं काढली, आणि वरून लगेच कसल्याशा ॲसिडचे थेंब चोळले, चेहरा चकाकावा म्हणून. मी तिची मान धरली आणि नळाखाली घातली ती सोडलीच नाही. "अगं भवाने, पातं फिरवलेल्या कातडीवर ॲसिड लावतात का?" असं इतक्या मोठ्यानं ओरडले की तिची आई जिन्यावरून पळत आली. संध्याकाळपर्यंत पोरीची लाली उतरली. मग ती मला विचारते, "मावशी, तुम्हाला कसं हो माहिती ह्यातलं?" मी म्हटलं, वाचलंय कुठंतरी. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आमचं घर मिरजगावात, हायवेपासून आत दोन गल्ल्या सोडून. आण्णांचं दुकान मात्र अगदी हायवेला, एसटी थांबते तिथं. पत्र्याची टपरी, समोरासमोर दोन आरसे, मान टेकायला मागं फळी असलेली एक जड लाकडी खुर्ची, आणि कोपऱ्यात दिवसभर खरखरणारा रेडिओ. आमच्यात पिढ्यान् पिढ्या हाच धंदा. पण आण्णांसारखा हात नाही, असं सगळा बाजार म्हणायचा, आणि ते आण्णांना चांगलं ठाऊक होतं. सोलापूरकडून येणारे ट्रकवाले नगरला न थांबता आमच्याकडं दाढीला थांबायचे. दाढी झाली की आण्णा तुरटीचा खडा पाण्यात बुडवून गालावरून फिरवायचे, मग दोन्ही तळवे गिऱ्हाइकाच्या गालांवरून खाली आणायचे, खुंट राहिलाय का बघायला, आणि म्हणायचे, "झालं. आता बायको वळखनार न्हाई." रोज तेच वाक्य, आणि रोज लोक हसायचे. पातं घालायचे वस्तरे आले तरी आमच्या घरात सकाळ व्हायची ती चामड्याच्या पट्ट्यावर आण्णांचा जुना वस्तरा घासल्याच्या आवाजानं. सटक, सटक. त्यात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळायचा. थंडीत हुलग्याच्या शेंगोळ्यांचा वास घरभर असायचा, त्यात लसूण इतका की हायवेवरनं जाणारा माणूस थबकावा. मी एकटीच लेक. माझ्यामागं आईला दोनदा राहिलं आणि दोन्ही गेलं. त्यामुळं लाड नुसते वाहात होते. पैसाअडका बेताचा, पण कशाला कमी नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

मग नववीत असताना हनुवटीवर केस आले. आधी लव, मग काळे, मग जाड. आईनं डाळीचं पीठ आणि हळद चोळली, दोऱ्यानं उपटले, कुणीतरी सांगितलं म्हणून कच्च्या पपईचा चीक लावला. उपटलेल्या जागी दुप्पट यायचे. शाळेत मी हनुवटीला ओढणी धरून बसायचे. बाईंनी दात दुखतोय का म्हणून विचारलं, तर मी हो म्हणायचे. दोन वर्षं माझे दात दुखले. दहावी झाली, आणि एके दिवशी आईनं आण्णांच्या पेटीतलं पातं काढून माझ्यावर प्रयोग केला. आईचा हात विळीवर चालायचा तसा तिथं चालला नाही, आणि रक्ताची धार गळ्यापर्यंत आली. तेवढ्यात आण्णा जेवायला घरी आले. त्यांनी मला बघितलं, आईला बघितलं, खाली पडलेलं पातं बघितलं. त्या क्षणापर्यंत त्यांना खरोखर काही ठाऊक नव्हतं. दिवसभर माणसांची तोंडं हातात धरणारा माणूस, आणि घरातल्या पोरीच्या तोंडाकडं निरखून बघायचं नसतं म्हणून त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी हात धुतले, तुरटी आणली, रक्त थांबवलं. मग म्हणाले, "सोमवारी दुकान बंद असतंय. सोमवारी मी करीन." आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. "रडती कशाला? एवढ्या गावाची करतो, पोरीची करू नगं व्हय?" असं ते म्हणाले खरं, पण त्या दुपारी भाकरी त्यांना गेली नाही.

तर सोमवार माझा. दाराला आतून कडी, खिडकीला गोधडी, आणि उजेडासाठी वरच्या पत्र्यातली एक काच. मी पाटावर बसायची, आण्णा समोर उकिडवे. माझ्यासाठी त्यांनी वाटी वेगळी ठेवली होती, ब्रश वेगळा, पात्याचा अर्धा तुकडाही दर वेळी नवा. "गाल फुगीव. हालू नगं. जीभ आतनं लाव," एवढंच बोलायचे. वस्तरा कायम केसांच्या दिशेनं फिरवायचे, खालून वर कधी नाही. उलटा हात मारला की दाढी अगदी मऊ होते, पण कातडी सोलवटते, बाईच्या कातडीला तर नकोच, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं माझी दाढी सोमवारी झाली की बुधवारी खुंट हाताला लागायचे. वर पुटकुळ्या. केस आतल्या आत वळायचे आणि काळे ठिपके उठायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं पोरीच्या हनुवटीवर चुलीची काजळी लागलीय. पण लांबून बघणाऱ्याची भीती नव्हती. भीती होती ती हात लावणाऱ्याची.

कारण आमच्याकडं मुलगी बघायला आले की नुसतं बघून जात नाहीत. बरोबरची वडीलधारी बाई मुलीला कुंकू लावते, हनुवटीला धरून तोंड वर करते, दोन्ही तळवे गालांवरून खालपर्यंत फिरवते आणि मग स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडते. अलाबला घेतली म्हणायचं. बोटं कडाकडा मोडली म्हणजे पोर पसंत, दृष्ट काढण्याइतकी गोड. पहिलं स्थळ आलं ते जामखेडकडचं. म्हातारीनं कुंकू लावलं, तळवे फिरवले आणि हनुवटीवर येऊन तिचे हात थांबले. नुसते थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. मग हात तिनं काढून घेतले, पदराला पुसले आणि पोह्यांची बशी उचलली. बोटं मोडलीच नाहीत. नंतर तिकडून निरोप आला नाही. ती बाई भली म्हणायची, बाहेर कुठं बोलली नाही. पण त्या दिवसापासून आई झोपेतही कण्हायची. पोरीला दाढी येते म्हटल्यावर तिला बाई तरी कोण म्हणणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि गाव काय काय म्हणालं असतं हे मलाही कळत होतं, तशी नावं मी शाळेच्या भिंतीवर दुसऱ्यांसाठी लिहिलेली वाचली होती.

मावसबहीण शैलाताई नगरला पार्लरचं काम शिकत होती. त्या काळात पार्लर म्हणजे आमच्याकडं नवलच. आईनं तिला एकटीला गाठून सगळं सांगितलं, आणि पुढच्या खेपेला ती खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाण्यासारखं काहीतरी घेऊन आली. फळांच्या आंबटापासून काढलेलं ॲसिड असतं म्हणाली, चेहऱ्यावरची वरची मेलेली कातडी त्यानं सुटते, आत अडकलेला केस मोकळा होतो, पुटकुळ्या बसतात, डाग जातात. पार्लरच्या मोठ्या बाईंच्या कपाटातून न विचारता ओतून आणलं होतं बयेनं. पण समजावून सांगितलं तिनं अगदी नीट, दोनदोनदा. दाढी केल्यावर तीनचार दिवस जाऊ द्यायचे. बाटलीतलं थोडं घेऊन त्यात पाणी भरपूर घालायचं. कापसानं लावायचं आणि चुरचुरायला लागलं की लगेच धुवायचं. "मावशे, ध्यानात ठिव, पाणी घातल्याशिवाय लावू नको," असं एसटीत चढताना पण ओरडली. आईनं मान डोलावली. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे, आणि हेही ती विसरली नव्हती. आजही शैलाताई म्हणाली की पुढचं सगळं आईच्या अडाणीपणामुळं झालं, तर माझं टाळकं सरकतं.

पाहुणे करमाळ्याचे होते. मामानं स्थळ आणलं होतं, मुलगा साखर कारखान्यात कायम, घरात म्हैस, नावं ठेवायला जागा नाही. पुढच्या रविवारी येणार होते. आम्ही सगळा हिशेब त्यावर बसवला होता. सोमवारी दाढी झालीच होती, गुरुवारी पाण्यात घालून औषध, मग रविवारी सकाळी पुन्हा हलका हात. पण बुधवारी संध्याकाळी मामा सायकलवर धापा टाकत आला. पाहुणे गुरुवारचे शिर्डीला दर्शनाला निघालेत, जीप केलीय, जाता जाता सकाळी आपल्याकडं थांबतायत. आण्णा म्हणाले, "रविवारचं ठरलं हुतं ना?" मामा म्हणाला, "जीप कायमची केलीया व्हय त्यांनी? वाटंवर गाव, आन तुमी नगं म्हनता?" नको म्हणायची सोयच नव्हती. मुलीकडच्यांनी नको म्हणायचं म्हणजे मुलीत काहीतरी खोट आहे.

गुरुवारी उजाडता उजाडता आण्णांनी मला पाटावर बसवलं. चुलीवर पोह्यांचे कांदे परतत होते. आण्णांनी एकदा सरळ हात फिरवला. तळवा लावून बघितला. मग बराच वेळ वस्तरा नुसता धरून बसले. "आण्णा, उलटा मारा," मीच म्हटलं. त्यांनी मारला. खालून वर, हनुवटीखाली, जबड्याच्या कडेनं, ओठाच्या वर. एकदा मारला, साबण लावून परत मारला. त्यांच्या कपाळावर घाम होता. झालं तेव्हा माझी हनुवटी तान्ह्या पोरासारखी लागत होती. "झालं," एवढंच म्हणाले, ते नेहमीचं वाक्य काही म्हणाले नाहीत, आणि मामाबरोबर हायवेवर जीपची वाट बघायला गेले. हनुवटी मऊ झाली होती, पण लाल झाली होती, आणि काळे ठिपके त्या लालीत जास्तच उठून दिसत होते. आईनं मला उजेडात नेलं, बघितलं, आणि फडताळातून बाटली काढली.

"आई, शैलाताई म्हणाली थांबायचं," मी म्हटलं.

"पावनं थांबत्यात व्हय?"

"निदान पाणी तरी घाल."

"पानी घालून चार दिसांनी गुन येनार. मला आत्ता यायला पायजे." आणि तिनं कापूस बाटलीतच बुडवला. तिचं काय चुकलं? ती रोज गवळ्याशी पाण्यावरून भांडणारी बाई. पाणी घातलं की कशातलाही कस जातो, हे तिला तिच्या सगळ्या आयुष्यानं शिकवलेलं. लावलं तेव्हा नुसतं गार लागलं. मग चुरचुरलं. "चुरचुरतंय म्हंजी लागू पडतंय," आई म्हणाली, आणि ते मलाही पटलं, तुरटीही चुरचुरतेच की. मग आग सुरू झाली. मी उड्या मारायला लागले तर आईनं मला धरून ठेवलं, वर पदरानं वारा घालत होती, "थोडं सोस गं माझे बाई, थोडं सोस." आणि मग एक गोष्ट झाली ती आठवली की आजही अंगावर काटा येतो. माझी हनुवटी हळूहळू पांढरी पडायला लागली. लाली गेली, ठिपके गेले, पांढरीशुभ्र. आईनं आरसा समोर धरला आणि तिचा चेहरा असा फुलला! "मंगे, बघ, बघ गं कशी गोरी झालीस!" आम्ही दोघी त्या आरशात बघून हसलो. खरंच हसलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. कातडी जळाली की पांढरी पडते हे आम्हाला कुठं ठाऊक? तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप वाजली. धुवायला वेळच राहिला नाही. आईनं ओल्या फडक्यानं नुसतं टिपलं, वरून पावडरचा थर दिला आणि माझ्या डोक्यावर पदर ओढला.

मी पाटावर जाऊन बसले. समोर मुलगा, त्याचे वडील, आणि त्याची थोरली चुलती, जिला सगळे काकी म्हणत होते. मुलगा दिसायला बरा होता, माझ्यापेक्षा तोच जास्त लाजत होता. नाव काय, शिक्षण किती, शिवणकाम येतं का, हे सगळं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, पण माझा जीव सगळा हनुवटीत होता. आग आता आत शिरली होती, हाडापर्यंत. पावडरखाली काहीतरी ओलं ओघळतंय असं वाटत होतं. डोळ्यांतून टपाटपा पाणी पडत होतं. काकी म्हणाली, "अगं, रडतीस कशाला? आजच न्हेत न्हाई आमी." सगळे हसले. दारात उभे असलेले आण्णाही हसले. काकी मनापासून प्रेमळ बाई होती, हे मला सांगितलंच पाहिजे. तिनं कुंकू लावलं, हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं, म्हणाली, "ग्वाड हाय की पोर," आणि दोन्ही तळवे माझ्या गालांवरून दाबून खाली आणले.

मी ओरडले नाही. काकीनं हात वर कानशिलाकडं नेले आणि तिथंच थांबली. मग हात डोळ्यांसमोर धरले. तळव्यांना पावडरचा चिखल लागला होता, आणि त्यात ओल्या सायीसारखी माझी कातडी. "आगं आई गं!" म्हणून ती उठून उभी राहिली. हात लांब धरून. "काय लागलंय पोरीला? अवो, ह्ये काय लागलंय?" माझ्या हनुवटीवरून पाण्यासारखं रक्त पदरावर पडत होतं. मुलाचा बाप आण्णांकडं वळला. "रामभाऊ, रोगट पोर दावताय व्हय आमाला?"

आण्णा पुढं आले आणि माझ्यासमोर वाकले. वस्तरा जिथून जिथून उलटा फिरला होता नेमका तेवढाच भाग सोलला होता, हनुवटीखाली, जबड्याची कड, ओठाच्या वर. ज्याचा वस्तरा, त्याला ती रेघ ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी आईकडं बघितलं, आई बाटली असलेल्या फडताळाकडं बघत होती. कळायचं ते त्यांना कळलं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पोरीला दाढी येते, मी केली, वरून औषध लावलं, भाजलं. सगळं घर त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. मीही. माझ्या नजरेत काय होतं देव जाणे. आण्णा सरळ उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "व्हय. कातडीचा रोग हाय तिला. आमी लपवून ठिवला. चुकी झाली, माफ करा."

काकीनं आमच्या मोरीवर तीन वेळा साबणानं हात धुतले. पोहे तसेच राहिले. जीप गेली. मामा आण्णांना नाही नाही ते बोलून गेला आणि मग वर्षभर आमच्या दारात आला नाही. त्याच दुपारच्या एसटीनं आण्णांनी मला नगरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. दवाखान्यात शिरेपर्यंत ते माझ्या शेजारी बसून गार पाण्याचं फडकं हनुवटीवर धरून होते, फडकं बदलत होते. डॉक्टर भरपूर बोलले. दाढी केलेली कातडी आधीच उघडी असते, तिच्यावर ॲसिड म्हणजे जखमेत विस्तव, असं म्हणाले. आईला आण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बिचारी सुटली तरी असती.

जीपवाला आमच्याच बाजूचा निघाला. शिर्डीहून परत येईपर्यंत त्याला दम निघाला नाही. हायवेवर चहा पिता पिता सांगून गेला की न्हाव्याच्या पोरीला झडणारा रोग आहे, हाताला लावलं की कातडी हातात येते. त्या दिवसांत हायवेच्या गावांत आधीच एड्स नावाच्या एका नव्या रोगाची भीती शिरली होती, लोक दाढीला बसण्याआधी पातं नवीन टाका म्हणून सांगायला लागले होते. त्यात हे. दुसऱ्या दिवशीपासून दुकानात जे सुरू झालं ते मी रोज आण्णांच्या तोंडावर वाचत होते. किसनतात्या म्हणून त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, लहानपणापासूनचा दोस्त. तो आधी घरून स्वतःचं पातं घेऊन आला. मग ब्रश घेऊन आला. मग टॉवेल. मग म्हणाला, "रामभाऊ, घरीच करतो आता, लई तरास न्हाई हुत," आणि आला नाही. ट्रकवाले नगरला थांबायला लागले. आण्णा सकाळी दुकान उघडायचे, खुर्ची पुसायचे, आरसे पुसायचे, रेडिओ लावायचे आणि बाकड्यावर बसायचे. मी ओढणीनं हनुवटी झाकून डबा घेऊन जायचे तेव्हा एसटीची वाट बघणारी माणसं उन्हात उभी राहायची पण टपरीच्या सावलीत यायची नाहीत.

एका बाजाराच्या दिवशी मला ते बघवलं नाही. हनुवटीवरची खपली पडून खाली काळा डाग राहिला होता, आणि डागाच्या कडेनं केस उगवले होते. मी डबा बाकड्यावर ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले. "आण्णा, करा माझी दाढी. इथंच. बघू देत सगळ्यांना. रोग नाही म्हणून कळू तरी दे." मी हट्टानंच बसले होते, मला रागानं रडू येत होतं. आण्णा उठले. मला वाटलं करतात. त्यांनी बाहेर बघितलं, बाजार भरला होता, माणूस माणसाला लागत होतं. त्यांनी टपरीची फळी आतून ओढून घेतली. आत अंधार झाला.

"मंगल, ऊठ."

"पण तुमचं दुकान चाललं, आण्णा!"

"रोग बरा झाला म्हनत्यात लोकं. इसरत्यात. ह्ये न्हाई इसरायची. मरस्तवर तुला तेच नाव पडंल." थोड्या वेळानं म्हणाले, "दुकान माझं हाय. मी बघतो त्याचं काय करायचं."

पाडव्याच्या आधी त्यांनी दुकान सोडलं. आमच्याकडच्याच एका साखर कारखान्याच्या गेटावर रखवालदारी मिळाली. ज्या हातानं कधी कुणाच्या गालाला ओरखडा उठला नाही, त्या हातानं ते ट्रकांसाठी गेटाचा आडवा दांडा उचलायचे. खांदे दुखून यायचे. मी शिवणकाम शिकले, पुढं नगरला येऊन शिकवलंही, आईआण्णांना घेऊन आले. लग्न झालं नाही. त्याचं दुःख आईनं मरेपर्यंत केलं, मी तेवढं नाही केलं. पण सोमवार काही चुकला नाही. गावी असताना गेटावरची रात्रपाळी करून आले तरी आण्णा पेटी उघडायचे, दाराला कडी घालायचे. डागावरच्या कातडीला ते वस्तरा लागू द्यायचे नाहीत, तिच्या कडेकडेनं फिरवायचे. फार वर्षांनी किसनतात्या नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला नगरला आला, तेव्हा चहा पिता पिता त्यानं आण्णांना हळूच विचारलं, "पोरीचा त्यो रोग बरा झाला का रं?" मी चहाचा ट्रे धरून तिथंच उभी होते. आण्णा म्हणाले, "झाला की. कवाच झाला." तात्याला खरंच बरं वाटलं, त्याचे डोळे भरून आले.

शेवटच्या वर्षी आण्णांचा हात थरथरायचा. वस्तरा धरलेलं मनगट दुसऱ्या हातानं धरून करायचे. मी करते म्हटलं तर चिडायचे. त्यांच्या शेवटच्या सोमवारी त्यांनी अशीच केली, थांबत थांबत, सरळ हातानं, कुठंही न कापता. तुरटी फिरवली. मग सवयीनं दोन्ही तळवे माझ्या गालांवरून खाली आणले, खुंट राहिलाय का बघायला. हात हनुवटीपर्यंत आले, डागावर आले. मला वाटलं आता "झालं" म्हणतील. त्यांनी ते हात तसेच उचलले, स्वतःच्या कानशिलांना लावले, आणि बोटं मोडायला गेले. आमच्यात पुरुष हे करत नाहीत. बोटं सुजलेली, सांधे आखडलेले, एकही मोडलं नाही. त्यांनी हात खाली घेतले, बघितले, आणि पुन्हा कानशिलांना लावून जोर केला.